थेट मोठ्या स्पर्धेलाच येतो

जर्मनीत सुट्टी आधी मागायची आणि तिचं कारण मागाहून शोधायचं, अशी पद्धत आहे. पुढच्या वर्षाचा उरलाउब, म्हणजे रजा, आमच्या ऑफिसात नोव्हेंबरातच तक्त्यात भरावा लागतो. मी मार्चचा तिसरा आठवडा भरला, विमानाचं तिकीट काढलं आणि वीस वर्षांत आपण किती शिस्तीचे झालो म्हणून स्वतःवरच खूश झालो.

माझ्याकडे कारण तयार होतं. आमची लेक इथेच वाढली, बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात गेली आणि हे तिचं चौथं, शेवटचं वर्ष होतं. तिथे तिला खेळताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"पापा, कोम डॉख इम फेब्रुआर," ती फोनवर म्हणाली. फेब्रुवारीत ये, आमच्या कॉलेजातली शेवटची मॅच आहे, तारीखही ठरलेली आहे, असं तिचं जर्मनमधून चाललेलं.

"अगं, ती साधी लीगची मॅच. मी थेट मोठ्या स्पर्धेलाच येतो."

"आणि आम्ही पोहोचलोच नाही तर?"

"अभद्र बोलू नकोस."

मी पुण्यात दहावी झालेला माणूस. घटक चाचणीला माझे आईवडील कधी फिरकले नाहीत, बोर्डाच्या पेपरला मात्र केंद्राबाहेर थर्मास घेऊन उभे होते. कुठल्या दिवशी हजर राहायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मग मी त्या मोठ्या स्पर्धेचा, म्हणजे मार्चमध्ये देशभरातल्या कॉलेजांची जी बाद पद्धतीची स्पर्धा होते तिचा, अभ्यास केला. सुरुवातीला म्हणे मुलांचे फक्त आठ संघ होते. मग सोळा, बत्तीस, चौसष्ट, अशी पंगत वाढत गेली. मुलींसाठीही पान मांडावं, हे सुचायला मधली काही दशकं गेली. पुढे आणखी चार पानं दाटीवाटीने घातली, म्हणून आता आठ संघांनी आधी दारातच झुंजायचं आणि जिंकणाऱ्या चौघांनी आत यायचं. लहान लीगमधून बहुधा एकच संघ जातो. तोही चार महिने कोण चांगलं खेळलं ते बघून नव्हे, तर लीगअखेरच्या चार दिवसांत कोण जिंकलं त्यावरून. उरलेल्या जागा एक समिती बंद खोलीत बसून वाटते, आणि कोणी कुठल्या गावी खेळायचं ते रविवारी टीव्हीवर सांगते. पहिली मॅच त्याच शुक्रवारी! असल्या कारभाराला मी चार महिने आधी तिकीट काढलं होतं. जर्मन शिस्त अंगी बाणली की असं होतं.

लीगची उपांत्य फेरी शनिवारी होती. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ, आणि इमारतीचा जिना झाडायची आमची पाळी, म्हणजे केरवोखे. खिडकीच्या कट्ट्यावर फोन उभा करून मी एकेक पायरी झाडत मॅच बघितली. दोन गुणांनी हरल्या. चार महिने दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला संघ दोन तासांत घरी गेला, आणि मोठी हुकलेल्या संघांसाठी असते त्या दुय्यम स्पर्धेचंही बोलावणं आलं नाही. मी जिन्यातच बसलो. तळमजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, मधला मजला झाडून झाला का?

"अरे, आता जाऊन काय बघणार?" बायको म्हणाली.

"रजा मंजूर आहे," मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

लेक विमानतळावर आली, हसली, मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तिने मला त्यांचं रिकामं जिम दाखवलं. दाराजवळच्या फलकावर फेब्रुवारीतल्या त्या मॅचचे फोटो होते. शेवटच्या वर्षाच्या मुलींना त्या दिवशी आईवडील हात धरून मैदानात आणतात, अशी तिथली रीत आहे. पाच मुली होत्या. चौघींच्या दोन्ही बाजूंना घरची माणसं, हातात फुलं. माझ्या मुलीशेजारी खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणाऱ्या बाई उभ्या होत्या. फुलंही त्यांनीच आणलेली असावीत.

मी फलकाकडे बघतच विचारलं, "हे असं असतं, ते मला सांगायचं नाही का?"

एरवी ती मला जर्मनमध्येच उत्तर देते. तेव्हा मात्र एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "सांगणार होते, पापा. तू म्हणालास, साधी मॅच आहे."