नानाने मोजलेली आमची पाच माणसं

माझ्या भावाने स्वतःच्या हाताने आमच्या आईला कागदावर हिंदू लिहिलं. माझ्यामुळे.

तो आज सकाळी वारला. धुळ्याला, हॉस्पिटलमध्ये. आता लपवून कुणाची अब्रू वाचवायची आहे?

नाना. माझा सख्खा मोठा भाऊ. भडगावला झेडपीच्या शाळेत मास्तर. अक्षर असं की पोरं वहीवर बोट फिरवून बघायची.

आमचे वडील आणि आई, म्हणजे आमची अक्का, छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. नाना तेव्हा वडिलांच्या खांद्यावर होता. माझा जन्म नंतरचा.

शाळेत नानाचं नाव घालताना वडिलांनी ठणकावून 'बौद्ध' लिहायला लावलं.

माझ्या वेळेला मात्र लोकांनी त्यांना घाबरवलं. केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत तेव्हा बौद्धांना नव्हती. दाखल्यावर 'बौद्ध' दिसलं की सवलत गेली.
म्हणून माझ्या दाखल्यावर 'हिंदू', आणि पुढे जुनी जात.

एकाच आईची दोन पोरं, कागदावर दोन धर्म. हसू नका, अशी घरं आमच्याकडे पुष्कळ होती.

नाना रेल्वेची परीक्षा पास झाला होता. दाखला बघून परत पाठवला त्याला.
काही वर्षांनी त्याच रेल्वेत मी चिकटलो. पाचोऱ्याला, बुकिंगमध्ये.
गल्लीभर पेढे कुणी वाटले? नानाने! मला एक शब्दाने टोचलं नाही.

मग नव्वदला कायदा बदलला. नाना पेपर घेऊन तरातरा घरी आला.
"वाच! आता बौद्धांनाही सवलत मिळाली. आता तरी कागद दुरुस्त करून घे."
"बघू," मी म्हणालो.
माझं 'बघू' म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

ऑफिसात एकाने माझ्या कानात सोडलं होतं, "आता बदललंस तर आधीचा दाखला खोटा होता म्हणतील. घरी बसशील."
माझी पाचावर धारण बसलेली.

पुढच्या वर्षी जनगणना आली. शाळामास्तरांना ड्युटी. आमची वस्ती नेमकी नानाकडे.

वस्तीत तो नव्या शर्टात फिरला. प्रत्येक घरी खणखणीत आवाजात विचारायचा, "धर्म?" आणि माणसं सांगायची, "बौद्ध!" काही म्हातारे तर उभे राहून सांगायचे. नानाचा चेहरा नुसता फुललेला.

आमच्या घरी तो सगळ्यात शेवटी आला. वडील तोवर गेले होते. मी, बायको, दोन पोरं आणि अक्का. पाच माणसं.

नावं लिहिली. वयं लिहिली. मग म्हणाला, "धर्म?"

"तुला माहीत नाही का?"

"विचारावं लागतं. घरचा माणूस सांगेल तेच लिहायचं असतं."

मी बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"हिंदू," मी म्हणालो.

नानाचं पेन थांबलं.
"अरे, हे गुप्त असतं," तो हळू म्हणाला. "तुझ्या साहेबाला कुणी दाखवत नाही. आईशप्पथ."

"तू लिही ना! तुझं काय जातंय? पोरं माझी आहेत."

हे मी बोललो. याच तोंडाने.

त्याने लिहिलं. माझं, बायकोचं, पोरांचं. अक्काच्या नावाशी आला आणि तिच्याकडे बघत बसला.

अक्का शेंगा निवडत होती. मान वर न करता तिच्या अहिराणीत म्हणाली, "लिख भाऊ. तो सांगस ते लिख. त्यानी नोकरी जावाले नको. मन्हं काय, मी शे तीच शे." आहे तीच आहे, म्हणे.

त्याने लिहिलं. त्याच सुंदर अक्षरात.

मग कागद गोळा केले आणि चहा न घेता गेला. मागच्या गल्लीत त्याची एक खोली होती. लग्न केलं नव्हतं त्याने. तिथे जाऊन स्वतःचा कागद भरला असेल. घरात माणसं एक. धर्म बौद्ध.

तोवर तो रोज आमच्याकडे जेवायचा. त्या दिवसापासून बंद. भांडण नाही, आदळआपट नाही. स्टोव्ह आणला आणि करून खायला लागला. अक्का पदराखाली डबा झाकून न्यायची. तो घ्यायचा, तिला नाही म्हणायचा नाही.

मी गेलो नाही. बोलवायलाही गेलो नाही. कसला ताठा होता देव जाणे. ताठा कसला, लाज होती.

वर्षभरात बदली मागून पारोळ्याला गेला. भडगावहून पारोळा असं कितीसं लांब? तरी आम्ही लग्नाकार्यात भेटायचो तेवढेच. "बरा आहेस?" "बरा आहे." संपलं.

अक्का सत्त्याण्णवला गेली. आम्ही दोघांनी खांदा दिला. तेव्हाही बोललो नाही.

पुढच्या जनगणनेला एक तरुण बाई आल्या. "धर्म?" म्हणाल्या.
"बौद्ध," मी म्हणालो. एवढ्या जोरात, की त्या दचकल्या.

त्या गेल्याबरोबर मी नानाला फोन लावला.
"नाना, बौद्ध लिहिलं रे. सगळ्यांचं."



"पोरांचंही?"
"हो. पोरांचंही."
"बरं झालं."

मग म्हणाला, "अक्का तेवढी राहिली रे."

तिला विचारायला आता कुणीच येणार नव्हतं. मी फोन ठेवून दिला. माफ कर म्हणायचं होतं, तेही म्हटलं नाही.

त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ गेला. पारोळ्याला एसटी रोज जाते. मी म्हणत राहिलो, जाऊ एकदा.

आज मी पारोळ्याला आलो, तेव्हा शेजाऱ्याने त्याची खोली उघडून दिली. एक ताट, एक वाटी, एक पेला. दुसरं ताट नव्हतंच घरात.

नाना, माझं चुकलं रे.
जयभीम.