ओळखखूण : नाही

रुपजीकाकांना ‘कसे आहात’ असं विचारणं म्हणजे पुढची दहा मिनिटं त्यांच्या नावावर करून देणं. ‘बरा आहे’ हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ताप येऊन गेलेला असला तर म्हणायचे, “काल कोंबडं अंगावरून चालत गेलं तरी उठलो नाय, आज त्याला हाकललं.” गुडघा धरला असला तर, “बसताना एकटा बसतो, उठताना खांब लागतो.” त्यातून तब्येतीचा अंदाज ज्याचा त्यानं बांधायचा. घाईतला माणूस वैतागायचा, आणि मी कायम घाईत असायचो.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दोन हजार चौदामध्ये, डहाणू–तलासरी एसटीत. मी मसोलीला राहत होतो आणि तलासरीत कचेऱ्यांसमोर ताडपत्री ताणून टायपिंग-झेरॉक्सचं टेबल नुकतंच टाकलं होतं. काका त्या गाडीचे कंडक्टर, नोकरीचं शेवटचं वर्ष. स्टँडवर खालून कोणीतरी विचारलं, जागा आहे का. कोसबाडकडच्या एका शिक्षिकेला त्यांनी सांगितलं, “बाई, गाडी पूर्ण भरली आहे.” मागच्या किराणावाल्या शेठला म्हणाले, “शेठ, ऊभा रहेवानी जग्या नथी.” वरोरच्या मासळीवालीला, “पाटी बसल, तू नाय.” आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्याला त्यांच्या वारली बोलीत काहीतरी म्हणाले. तो हसला आणि मुकाट बाजूला झाला. मी विचारलं, काय सांगितलंत? “सांगितलं, आत जो शिंकेल त्याला हात नाकापर्यंत नेता येणार नाय.” एवढं सांगून त्यांनी घंटी मारली.

निवृत्त झाल्यावर घरात त्यांचं मन रमेना. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी ते माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर येऊन बसू लागले. पाड्यावरून माणसं अर्ज लिहायला यायची, त्यांची बोली मला अर्धीमुर्धी कळायची. काका मधे बसून सांगायचे आणि मी टाईप करायचो. माझं गिऱ्हाईक वाढलं ते त्यांच्यामुळे, हे मी तेव्हा कोणापाशी कबूल केलं नाही. उलट कधी कधी त्यांनाच ऐकवायचो की काका, तुमच्यामुळे एका अर्जाला दोन अर्जांचा वेळ लागतो.

लागायचाही. एक आजी विहिरीची तक्रार घेऊन आली होती. मी टाईप केलं, ‘विहीर अतिशय खोल असून’. काकांनी वाकून वाचलं आणि मान हलवली. म्हणाले, ही म्हणते, दोर संपतो तरी हंडा वाजत नाही. मी म्हटलं, म्हणजे खोलच ना. ते म्हणाले, “खोल म्हटलं की साहेबानं मान डोलवली, संपलं. हंडा वाजत नाय म्हटलं तर साहेब विचारेल, मग पाणी कुठून आणता?” मी ‘अतिशय खोल’ तसंच ठेवलं. मला वाटायचं, कागदाची एक भाषा असते आणि ती मला येते. टायपिंगच्या परीक्षेत मी तालुक्यात वरचा नंबर काढला होता, त्याची मस्ती होती.

दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर काका सोमीला घेऊन आले. पन्नाशीची विधवा बाई, मजुरीला जाणारी. तिचा एकुलता एक पोरगा, चैत्या, गुजरातेत सौराष्ट्राच्या बाजूला बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. त्या बोटीवर त्याच्या पाड्यातलं दुसरं कोणी नव्हतं. बोट चालवणाऱ्या तांडेलानं शेजारच्याच्या मोबाइलवर कळवलं, तुमचा पोरगा भांडून उतरून गेला, कुठे गेला माहीत नाही. त्याला आठवडा झाला होता. पोलिसांत द्यायला अर्ज हवा होता, त्यासोबत बेपत्ता माणसाच्या वर्णनाचा कागद. घरात चैत्याचा एकही फोटो नव्हता. आधार कार्ड तो घेऊन गेला होता आणि मागे राहिली होती फक्त झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन होता. झेरॉक्स माझ्याच मशीनवर काढलेली होती.

मी वर्णनाचा नमुना उघडला. उंची, बांधा, रंग, चेहरा, केस, ओळखखूण. विचारलं, उंची किती? काकांनी तिला विचारलं. ती बोलू लागली आणि काका सांगू लागले. आमच्या दारात वाकतो, म्हणे, पण चुलत्याच्या दारात वाकत नाही. मी म्हटलं, काका, मी त्याच्या चुलत्याचं दार मोजायला जाऊ का? मागे रांगेत पाच-सहा जण होते, ते हसले. रंग कसा? नवं मडकं एकदाच चुलीवर चढवलं की त्याचं बूड होतं तसा. मी ‘सावळा’ टाईप केलं. ओळखखूण? तीळ, व्रण, गोंदण काही? तिनं डोकं हलवलं, तसलं काही नाही. मग थांबून तिनं उजवा हात उचलून स्वतःच्या डाव्या कानावर ठेवला आणि एकच वाक्य म्हणाली.

“तो कानावर हात ठेवून निजं.”

लहानपणी त्याचा कान वाहायचा, काका सांगत होते. तेव्हापासून उजवा हात डाव्या कानावर घेऊनच झोपतो. झोपेत हात काढला तरी परत तिथेच नेतो, कितीही वेळा काढा. मी घड्याळ पाहिलं. कचेरी बंद व्हायला अर्धा तास होता. मी म्हणालो, “काका, तो झोपतो कसा हे पोलिसांना काय करायचंय?” रांगेतले पुन्हा हसले. सोमीला मराठी थोडंफार कळत होतं. तिनं हात कानावरून खाली घेतला आणि पदरात लपवला.

मी टाईप केलं : उंची मध्यम. बांधा मध्यम. रंग सावळा. चेहरा उभट. केस काळे. ओळखखूण नाही.

काकांनी कागद वाचला. रागावले नाहीत, रागावायचा त्यांचा स्वभावच नव्हता. एवढंच म्हणाले, “भाऊ, असा तर तूपण आहेस. तुम्ही मराठीत माणूस कसा दिसतो ते सांगता. शेठ लोक आधी विचारतात, कोणाचा? आमच्यात माणूस काय करतो ते सांगतात. हरवलेल्या माणसाला शोधायचं तर काय पाहिजे?” मी म्हटलं, शोधायचं काम पोलिसांचं, आपलं काम कागद नीट करायचं. सोमीनं अंगठा दिला. तिनं तो इतका दाबून दिला की शाई पसरली, आणि मला ते पान पुन्हा प्रिंट करावं लागलं, याचाही मी त्रागा केला.

पुढे सगळ्यांनी आपापलं काम वेळेवर केलं, हे मुद्दाम सांगतो, कारण दोष द्यायला मी दुसरं कोणीतरी खूप दिवस शोधत होतो. पोलिसांनी तक्रार घेतली. कागदाचा फोटो काढून बंदरांच्या बाजूला पाठवला. तिकडे त्याचं गुजराती झालं आणि ते दवाखान्यांतही पोचलं. आठवडाभरात माझे शब्द शेकडो मैलांवर जाऊन पोचले होते.

होळी झाली तरी काही कळलं नाही. तेव्हा काका स्वतः गेले. साठी ओलांडलेला माणूस, एक पिशवी घेऊन, बोटीवर परत निघालेल्या खलाशांबरोबर. बंदराजवळच्या एका दवाखान्यात त्यांनी बेवारस रुग्णांची वही पाहायला मागितली. कारकून भला होता, त्यानं वही दाखवली. वहीत सात माणसं होती आणि सातही मध्यम बांध्याची, सावळी होती. काका वही मिटून वॉर्डात गेले आणि फरशी पुसणाऱ्या आयाबाईला त्यांनी गुजरातीत विचारलं, “कान पर हाथ दईने सूतो होय एवो कोई हतो?”

त्या बाईनं फडकं बादलीत टाकलं आणि ती तिथेच भिंतीला टेकून बसली. होता, म्हणाली. डोक्याला मार लागलेला, कोणीतरी फाटकापाशी टाकून गेलं होतं. शुद्ध अशी नव्हतीच, बोलायचा नाही. सलाईनसाठी आम्ही उजवा हात सरळ करून ठेवायचो, तो परत कानावर न्यायचा. सुई निघायची, रक्त यायचं. शेवटी हात खाटेला बांधला. तेवीस दिवस जगला. मग बेवारस म्हणून त्याला अग्नी दिला. आणि माझा कागद त्यातले चौदा दिवस त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एका फाईलमध्ये लावलेला होता.

काकांनी तो कागद मागून आणला. एका दुपारी ते टेबलाशी आले, स्टुलावर बसले नाहीत. कागद माझ्या की-बोर्डवर ठेवला. एका बाजूला गुजराती, मागे माझं मराठी, आणि कडेला फाईलसाठी पाडलेली दोन भोकं. आयाबाईनं सांगितलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं, एकही शब्द न वाढवता. मग म्हणाले, “टायपिंग चांगलं आहे तुझं. एक चूक नाय.”

मी फक्त विचारलं, सोमीला सांगितलंत? म्हणाले, सांगितलं. तिनं एकच विचारलं, शेवटी हात कानावर होता का. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? काकांनी पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागले. त्यानंतर ते माझ्या टेबलाशी कधी आले नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे, माणसं तिथे जाऊन त्यांना भेटायची आणि त्यांना घेऊन दुसऱ्या टायपिस्टकडे जायची. स्टूल मी बरेच दिवस तसंच ठेवलं होतं. मग त्यावर कागदाचे गठ्ठे चढले.

मी सुधारलो म्हणावं तर तसंही नाही. बेपत्ता माणसाचा कागद आला की आता मी वेगळं पान जोडतो. त्यावर आई म्हणते ते, बायको म्हणते ते, जसंच्या तसं लिहितो. एकदा एका साहेबांनी विचारलं, हा काय निबंध लिहिलाय? आणि पान काढून ठेवलं. नमुना आजही तोच आहे, सहा रकाने आणि प्रत्येकापुढे एक शब्द मावेल इतकी जागा. सोमी बाजारच्या दिवशी ताडपत्रीसमोरून जाते. ती माझ्याकडे रागानं पाहत नाही. तिचं पाहणंच इकडे नसतं, आणि मी प्रिंटरमध्ये कागद भरायला वाकतो.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात काका गेले. त्याआधी महिनाभर ते अंथरुणाला खिळले होते, पुतण्या करत होता. मी जाऊ की नको असं करत एका रविवारी गेलो. झोपडीचं दार ठेंगणं होतं, मला वाकावं लागलं. मनात आलं, चैत्याच्या चुलत्याचं दार याहून किती उंच असेल. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुतण्यानं माझं नाव सांगितल्यावर कुशीवर वळले. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे तेच होते, गाडीत मागच्या बाकापर्यंत पाहणारे.

मी पायथ्याशी बसलो. खूप बोलायचं ठरवून गेलो होतो. माफी मागायची होती, वेगळ्या पानाचं सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते नेहमीचंच, “काका, कसे आहात?” आणि विचारल्याबरोबर मी थांबलो. मला खरंच वाटलं की आता ते कोंबड्याचं काहीतरी सांगतील, खांबाचं सांगतील, मग मी हसेन आणि ते मला बस म्हणतील. त्या दिवशी मला कुठलीच घाई नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वच्छ, शुद्ध मराठीत, कागदावर लिहितात तसं म्हणाले,

“मध्यम.”