गाडीनं आपल्या मनानं मारलेला ब्रेक

बायकोचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. तिच्या भावाला आवतण द्यायला मुकुटबनला जायचं होतं. मुलगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. निघताना त्यानं चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "चालवा बाबा. आज तुमची परीक्षा हाय."

मला राग आला. मी कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवलेला माणूस. रुईच्या गाठी भरून घाट उतरलेला. पुढं बोंडअळीनं कपाशीची पराटी खाल्ली, कापसाचे भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं, तेव्हा जुनी जीप घेतली आणि वेचणीच्या बाया ह्या गावाहून त्या गावाला पोचवल्या. शाळा चौथीपर्यंतच, पण ह्याच पोराला गाडी चालवायला मी शिकवलं. अन् आता हा माझी परीक्षा घेणार.

पण बसलो परीक्षेला, कारण तो गंमत करत नव्हता. आई गेल्यापासून त्याचं एकच चाललं होतं : जीप विका, पुण्याला चला. मी म्हणायचो, जीप आहे तोवर मला कोणाची गरज नाही. जीप गेली की माझं ओट्याबाहेर पडणं गेलं.

ह्या नव्या गाडीला काचेच्या वर एक कॅमेरा आहे. त्यातून ती रस्ता पाहते. पांढरा पट्टा सोडून आपण सरकलो की स्टेअरिंग ओढते. समोर काही आलं की ओरडते, आणि आपण ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक मारते. मुलगा हे सांगत होता तेव्हा मी म्हटलं, "मंग मी कायले बसू? हिलेच पाठव आवतण द्याले."

पांढरकवडा मागं टाकलं आणि समोरून कापसाची ट्रॉली आली. दोन्ही अंगांनी फुगलेली, अर्ध्याहून जास्त रस्ता तिचाच. आमच्याकडे ह्याचा एक कायदा आहे, कोणत्या पुस्तकात नसेल : भरल्या गाडीला डांबर, रिकामीनं खाली उतरायचं. भरलेली ट्रॉली कडेच्या मातीवर गेली तर कलंडते. यासाठी इंडिकेटर कोणी देत नाही, हात वर केला की झालं. मी डावी चाकं मातीवर घालायला लागलो, तर स्टेअरिंग माझ्या हातातच उलटं फिरायला लागलं. गाडी मला ट्रॉलीच्या तोंडाशी नेऊन राहिली होती! जोर लावून ओढली, उतरवली. ट्रॉलीवाला हात करून निघून गेला, आणि आमच्या गाडीतल्या पडद्यावर चहाचा कप आला.

"हे काय आता?"

"तुमाले झोप येऊन राह्यली असं वाटते तिले. थांबा, चहा प्या म्हणते."

"तिले सांग, तुये कारखाने बी नोते तवापासून चालवून राह्यलो मी."

मुलगा पोट धरून हसला. "इथं तुमी बरोबर बाबा. तिले आपला रस्ता समजत नाई. जा, पास केलं तुमाले." मग तो मोबाईल पाहत बसला. मी खूश होतो. आता जीप राहिली, असं मनात धरूनच पुढं चालवत होतो.

मुकुटबन चार-पाच किलोमीटर राहिलं असेल. गाडी एकदम ओरडली आणि जागच्या जागी थांबली. सीटचा पट्टा छातीत रुतला. मी ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नव्हता.

बोनेटपासून हातभर अंतरावर एक बाई उभी होती. डोक्यावर कापसाचं पांढरंशुभ्र गाठोडं. उजवीकडच्या वावरातून निघून अर्धा रस्ता चालून आलेली. एवढी उभी बाई, आणि मला ती दिसलीच नव्हती.

"काहो बुढेबाबा, डोये घरी ठेवून आले का?" ती ओरडली.

"चुकलं माय," मी म्हणालो. ती पुटपुटत पलीकडे गेली.

मुलानं मान वर केली. "ह्या बाया बी ना! एकदम आडव्या घुसतात. घुसली ना ती?"

नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. जीप वाचली असती.

पण मला बायको आठवून राहिली होती. शेवटची दोन वर्षं ती जीपमध्ये माझ्या बाजूला बसली की सारखी बोलायची. "अवो, सायकल हाय. अवो, म्हैस येऊन राह्यली." मी खेकसायचो, "मले दिसत नाई का? गप बैस." दोन मिनिटं गप बसायची, मग पुन्हा सुरू. मला वाटायचं, बाईच्या जातीला बोलायची सवय. आज लक्षात आलं की ती सायकल, ती म्हैस, सगळं उजवीकडून यायचं. डावीकडचं तिनं कधी सांगितलं नाही. तुमचा डोळा गेला, असं मात्र एकदाही म्हणाली नाही. म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं, हे तिला माहीत होतं.

आणि ती गेल्यावर वर्षभर मी तशीच जीप चालवली. मागं बाया बसवून. उजवीकडून किती जण आले आणि आपापले वाचले, मला काय माहीत?

"बाई सरळ चालत होती," मी मुलाला म्हणालो. "मले दिसली नाई. माया उजवा डोया कामातून गेला हाय."

"कवापासून?"

"तुया मायले माहीत होतं. मले आज समजलं."

"मंग माय बोलली काहून नाई?"

"बोलत होती रे. मीच गप बसवत होतो."

त्यानं मोबाईल खिशात घातला. म्हणाला, "मोतीबिंदू असन बाबा. निंगते तो."

"निंगन तवा निंगन. तोवर जीप बंद."

मी उतरलो, गाडीला वळसा घालून डावीकडे गेलो. तो सरकून स्टेअरिंगवर बसला.

साळा अंगणातच उभा होता. आजपर्यंत त्यानं मला ड्रायव्हरच्याच बाजूनं उतरताना पाहिलेलं. माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "काहो भाऊजी, आज इकून उतरले?"

"आता इकूनच," मी म्हटलं, आणि त्याला श्राद्धाची तिथी सांगितली.