लग्नाच्या पेटीचा सांधा

लाकडाच्या फटी बुजवायच्या लांबीचा वास आला की माझ्या लग्नाची सागवानी पेटी आठवते. डहाणूच्या सुताराने नव्या विजेच्या मशीनने खाचा पाडून तिचे कोपरे असे जोडले होते, की सांधा शोधूनही दिसेना. माझा बाप होडीवरचा तांडेल. त्याला तिथेच संशय आला. "यानं फट लांबीनं बुजवलीय," म्हणत त्याने पेटी अंगणात, सुकत्या बोंबलांशेजारी दोन दगडांवर ठेवली, काठोकाठ पाण्याने भरली आणि दुपारभर तळाखाली हात धरून बसला. थेंबही गळला नाही. फळ्या मात्र फुगल्या आणि झाकण बसेना. सुतार बघून म्हणाला, "तांडेल, आधी सांगायचं, होडीच केली असती." परवा नातवाने नवं कपाट आणलं. सगळे जेवायला बसल्यावर मी हळूच त्याच्या खणात तांब्याभर पाणी ओतलं.