कातळावर नसलेला बाण

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचा पडदा कडेकडून विझत चालला आहे, हे कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. "समोरचं दिसत राहील, बाजूचं जाईल," ते म्हणाले. किती वर्षांत, ते त्यांनाही सांगता येईना. तो वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर होता. आधी त्याची मोटारसायकल सुटली, मग रात्रपाळी. घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं. त्याला विचारलं की म्हणायचा, "दिसतंय गो. उगाच काळजी करू नको."

मुरबाडच्या बाजूला एका पाड्यामागे सत्तर-ऐंशी फुटांचा कातळ आहे. लग्नाआधी आम्ही तिथेच भेटलो, एका गटाबरोबर चढायला गेलो असताना. पुढे दर हिवाळ्यात दोघंच जायचो. घरी सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, दोर बांधला की 'अरे'. वर-खाली ओरडून बोलताना 'अहो' पुरत नाही.

त्या कातळाचा खालचा अर्धा भाग म्हणजे एक उभी फट. तिच्यात पंजा घालायचा, मूठ वळायची, ती घट्ट बसली की अंग वर ओढायचं. फट संपते तिथे दोघं जेमतेम उभी राहतील एवढा कट्टा आहे. त्याच्यावर तिरका, गुळगुळीत कातळ. तिथे धरायला काही नाही. नखाएवढे उंचवटे नजरेने हेरायचे आणि बुटाच्या टोकावर भरवसा ठेवून उभं राहायचं. तो भाग नेहमी तोच आधी चढायचा. मी मागून, वरून त्याने धरलेल्या दोरावर.

दोन वर्षांपूर्वी भाताची झोडणी झाल्यावर तो म्हणाला, "यंदा एकदा जाऊ." आसनगावहून स्कूटर मी चालवली. पाड्यावर एक म्हातारी आम्हाला ओळखायची. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "लय दिसांनी आलात रे," ती म्हणाली. तांब्या त्याच्या डाव्या हाताशी होता आणि तो उजवीकडे हात नेत राहिला. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग त्याचा हात धरून त्यात तांब्या दिला. मी मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधत बसले.

फटीत मात्र तो पूर्वीसारखाच चढला. मी खाली दोर सांभाळत होते. हात आत जायचा, बोटं चाचपायची, जागा सापडायची. दोर अडकवायच्या लोखंडी पाचरीसुद्धा त्याने बोटांनीच चाचपून बसवल्या, खाली खेचून तपासल्या. मागून चढताना मी एकेक पाचर काढत गेले, सगळ्या पक्क्या होत्या. कट्ट्यावर पोचले तर तो हसत होता. "बघितलंस?" म्हणाला. मला वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत, आमचं हे एक तरी राहील.

मग तो वरच्या कातळावर गेला. ऊन समोरून येत होतं, दगड चकाकत होता. पहिली तीन पावलं त्याने आठवणीने टाकली. चौथ्या पावलाला त्याचा बूट दगडावर नुसताच फिरू लागला.

"थोडं डावीकडे," मी म्हणाले. "अजून. आता वीतभर खाली."

"माहितीये मला."

पण पाय टेकत नव्हता. त्याची पोटरी थरथरायला लागली. त्या कातळात पाचर बसेल अशी एकच भेग होती आणि ती त्याच्याही वर चार फुटांवर. पाय सुटला असता तर तो घसरत माझ्या शेजारून कट्ट्याखाली गेला असता. त्याला किती दिसतंय, हे मला त्या क्षणी कळायलाच हवं होतं, आणि सरळ विचारलं असतं तर तो खरं बोलला नसता.

"तुझ्या उजव्या हाताशी कुणीतरी लाल बाण रंगवलाय," मी म्हणाले. "दिसतो का?"

त्याने मान उजवीकडे वळवली. "दिसतोय."

त्या कातळावर लाल काहीच नव्हतं.

"अरे, खाली ये," मी म्हणाले.

"चार पावलं तर राहिलीत."

"खाली ये. वरचं मी करते."

मी एकेक पाऊल सांगत गेले. "डावा सोड. खाली. अजून. टेकला." शेवटी माझा हात पोचला, तेव्हा त्याचा घोटा धरून मी त्याचा बूट कट्ट्यावर ठेवला.

मग पहिल्यांदाच मी तिथे पुढे चढले. "जा, मी आहे," एवढंच तो म्हणाला. दोर त्याने असा सोडला की कुठे ताण आला नाही, कुठे ढिला पडला नाही. माथ्यावर उंबराला दोर बांधून मी त्याला हाक मारली.

"नको," खालून आवाज आला. "तूच ये."

मी तीनदा हाक मारली. मग थोडा वेळ तिथेच बसून राहिले. खाली शेतांत पेंढ्याच्या उडव्या दिसत होत्या. एरवी आम्ही तिथे बसून डबा खायचो. रडून झाल्यावर तोंड पुसलं, दोरावरून कट्ट्यावर उतरले आणि तिथून दोघंही दोरावरूनच खाली आलो.

स्कूटरपाशी आल्यावर त्याने विचारलं, "बाण नव्हता ना गो तिथं?"

"नव्हता."

"मला वाटलंच."

"मग 'दिसतोय' असं का म्हणालास?"

"नाय म्हटलं असतं तर तू लगेच उतरवलं असतंस." मग तो म्हणाला, "विचारलंस ते बरं केलंस. मी अजून एक पाऊल टाकणार होतो."

मी त्याला असं फसवायला नको होतं, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी स्कूटर सुरू केली. तो मागे बसला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही शहापूरच्या रस्त्याला लागलो.

तो पुन्हा चढला नाही. कारखान्याने त्याला आधी स्टोअरमध्ये बसवलं, गेल्या वर्षी त्याने ते कामही सोडलं. आता तो पांढरी काठी घेऊन स्टेशनपर्यंत एकटा जाऊन येतो. जुन्या गटातल्या लोकांनी मला एकदा बोलावलं, तेव्हा आसनगावजवळच्या एका कातळावर गेले होते. दोर धरणारा माणूस माझ्यापेक्षा अनुभवी होता, काही चुकत नव्हतं. तरी अर्ध्यातून उतरले.

आता त्याला फार थोडं दिसतं, जणू नळीतून बघावं तसं. जवळ बसले तर त्याला माझा एक डोळा दिसतो, नाहीतर नुसते ओठ. अख्खा चेहरा हवा असेल तर मला लांब बसावं लागतं. म्हणून संध्याकाळी कामावरून आले की मी समोरच्या भिंतीला टेकून बसते, तो या भिंतीशी, आणि मधे रिकामी खोली ठेवून आम्ही बोलतो.