सुपातले खडे

धोंडिबा पायरीखाली उभा होता आणि मी त्याला आत ओढत होतो. आत्याच्या शेजारघरचा माणूस, आंदर मावळातून डोंगर उतरून, पुढे गाडी धरून लोणावळ्याला आलेला. त्याला मी दारातूनच वाटेला लावणार थोडाच? "आत न्हाई येत," तो म्हणाला. "का रे, आमच्या घरात वाघ बांधलाय?" "पानी बी नगं." "पाणी नको तर चहा घे. आणि जाताना आत्याला चिक्कीची पुडी ने. दात नाहीत तर चघळत बस म्हणावं." असं म्हणून मी त्याचा दंड धरला, तेवढ्यात आतून बायको आली. तिने धोंडिबाच्या हातातल्या, डोक्यावरून उतरवलेल्या मुंडाशाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, सोडा त्यांचा हात." मयताचा सांगावा आणणारा माणूस उंबरा ओलांडत नाही, पाण्याला शिवत नाही, हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाच कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं… कुणास ठाऊक.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. घराण्यात सगळे भातशेतीवाले. मी एकटा चार बुकं शिकून रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून चिकटलो. ती मला ‘इष्टेशनमास्तर’ म्हणे. मी तो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच म्हणे. मानमोडीच्या साथीत, भात कापणीला आलेलं असताना, तिचा नवरा गेला आणि पाठोपाठ दोन्ही मुलं गेली. पीक उभंच राहिलं, कारण कापायला गावात धड माणूस उरला नव्हता. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. एकदा मीच आगाऊपणाने विचारलं, "आत्या, ते दिवस काढलेस कसे गं?" ती शेणाचे हात धूत होती. म्हणाली, "म्हस व्हती ना दावणीला. तिला काय ठावं, घरात कोन गेलं? सकाळ झाली की हंबरायची. मग उटावं लागायचं." एवढं बोलून ती गोठ्यात गेली.

आमची सुमन गेली तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. एकुलती एक. ताप आला, चढला, आणि… असो. त्यानंतर बायकोने भिंतीकडे तोंड करून जे अंग टाकलं, ते उचललंच नाही. चूल थंड. शेजारच्या बायका भाकरी आणून झाकून ठेवत. ती तशीच वाळून जाई. वेणीफणी नाही, बोलणं नाही. नात्यागोत्यात मी गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध. बारशाला, लग्नाला माझ्याशिवाय पंगत रंगत नाही असं लोक म्हणतात, निदान माझ्यासमोर तरी म्हणतात. तो मी तिच्या उशाशी बसून मालधक्क्यावरच्या गमती सांगत असे. न थांबता जाणाऱ्या गाडीकडे पाहावं तसं ती माझ्याकडे पाही. पुढे पुढे मला घरी यायचीच धास्ती वाटू लागली. काम संपलं तरी मी धक्क्यावर पोती मोजत राही. शेवटी आत्याला बोलावणं धाडलं.

ती आली ती आपल्या शेतातला आंबेमोहोर आणि एक जुनं सूप घेऊन. रडली नाही, भाचेसुनेला जवळ घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बायकोला दंडाला धरून दाराशी, उजेडात आणून बसवलं आणि पुढ्यात सूप ठेवलं.

"येवढं निवड."

"आत्याबाई, माझ्यानं नाही हो होत."

"जेव म्हनत न्हाई. रांध बी म्हनत न्हाई. खडा दिसला तर काडायचा. न्हाई दिसला तर बसून ऱ्हायचं."

पहिले काही दिवस ती नुसती बसून राहिली. मग बोटं तांदळातून फिरू लागली. एका सकाळी मी दाढी करत असताना पितळी झाकणात खडा पडल्याचा आवाज आला… टक्. माझा वस्तरा तिथेच थांबला.

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं. पण मला वाटलं, आपणही काही हातभार लावावा. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आधी मी सगळं सूप निवडून लख्ख केलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखा कोट चढवत उभा राहिलो. ती येऊन बसली. बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. खडा नव्हता. सूप खाली ठेवून ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

"कुनी केलं ह्ये?" आत्याने विचारलं.

"मी. म्हटलं, तेवढाच तिचा त्रास वाचेल."

"अरं माज्या इष्टेशनमास्तरा! पोरीच्या हातात येवढंच व्हतं. त्ये बी काडून घेतलंस?"

आमच्या चाळीमागून रूळ जातात. ती तशीच मागे गेली, खडीची बारीक कच पदरात घेऊन आली आणि चिमूट चिमूट करून तांदळात मिसळली. म्हणाली, "उद्यापास्नं ह्ये माजं काम. तू गप ऱ्हा. जमतंय का बग."

हळूहळू बायको निवडलेला तांदूळ धुऊ लागली, आणि एक दिवस तो चुलीवर चढला. सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. अजूनही मधूनच ती भिंतीकडे वळते आणि मी उगाच कंदिलाची काच पुसत बसतो. पण सकाळचं सूप चुकलं नाही. लावणीसाठी आत्या गावी निघाली तेव्हा कच टाकायचं काम तिने माझ्याकडे सोपवलं. पुढे कित्येक वर्षं ती कच मी कोटाच्या खिशात बाळगून चोरून टाकत आलो आणि स्वतःच्या चतुराईवर खूश राहिलो. मग लढाईमुळे रेशन आलं, आणि ते काम सरकारनेच माझ्याकडून काढून घेतलं.

आत्याचा दहावा करून परतलो त्याला आता काही आठवडे झाले. सुमन गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. घरात एकाने तरी उभं राहायला हवं होतं. आता मात्र माझ्यानं काहीच होत नाही. सकाळी कोट घालतो आणि धक्क्यावरच्या बाकावर बसून राहतो. मागून गाड्या जातात. साहेब बोलतो ते ऐकू येतं, कळत नाही. गोष्ट सांगायला तोंड उघडावं, तर पहिलं वाक्यच सापडत नाही. काल संध्याकाळी बायकोने खुंटीवरून आत्याचं सूप काढलं. त्याची उसवलेली कड आत्याने आपल्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेली आहे. ते तिने माझ्यापुढे ठेवलं.

"आंबेमोहोरात रुळांवरची खडी कुठून येते, एवढं मला कळत नव्हतं, असं वाटलं तुम्हाला? खिसा खुळखुळायचा तुमचा."

मी हसायला गेलो. ते हसणं मधेच कुठेतरी मोडलं… आणि मग बराच वेळ मला कोटाच्या बाहीने तोंड पुसत बसावं लागलं. माझं झाल्यावर तिने सूप जरा माझ्याकडे सरकवलं.

"उद्या सकाळपासून तुम्ही बसा निवडायला. रेशनचा तांदूळ आहे. खडे मला घालावे लागणार नाहीत."