वाकलेला झारा

मावशी गेल्याचं सांगायला माझ्या सासरी हरीकाकाच आला... तिचा धाकटा दीर. काठी टेकत दारात उभा राहिला, "वैनी गेली वं," म्हणाला, आणि मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. महिना होत आला, मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. तोंडाने काका म्हणते, पण लिहिताना अहो-जाहो करणार नाही.

माझी विधवा मावशी खामगावच्या कापूसबाजाराजवळ बटाट्याचे काप तळायची. रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवलेले काप धोतराच्या फडक्यावर कोरडे करायचे नि सासऱ्याच्या जुन्या लोखंडी कढईत सोडायचे. पहिला काप चुलीतल्या विस्तवाला. मी तिच्याकडेच वाढले; त्या कढईवर आम्हा दोघींचं पोट होतं. नागपूरच्या प्रदर्शनात तिला चांदीचं पदक मिळालं, थेट मेहकरहून लग्नघरची माणसं पुडे न्यायला येऊ लागली, आणि हरीकाकाच्या पोटात दुखू लागलं. नवरा गेल्यावर यानेच तिला त्या एका कढईनिशी घराबाहेर काढलं होतं. आता त्याला बापाची कढई आठवली.

भर बाजाराच्या दिवशी तो आला. तेल कडकडीत तापलेलं.

"कढई दे, वैनी. बरकत माह्या बापाच्या कढईत हाये, तुह्या हातात नाही."

"ने न बे. पन तेल निवू दे."

ती टाळते आहे असं त्याला वाटलं. त्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मावशी कण्हलीसुद्धा नाही. तेलातला झारा उपसून तिने त्याच्या जबड्यावर हाणला. दात मातीत पडले, गालाची कातडी सोलून निघाली. पडता पडता त्याने चुलीला लाथ घातली आणि कढई त्याच्याच पायावर कलंडली. त्याचं किंचाळणं कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत गेलं. खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं.

मावशीने कढई घासूनपुसून त्याच्या घरी पाठवली. नव्या कढईतही काप तसेच कुरकुरीत झाले. त्याच्या घरी मात्र बापाची कढई कधी चुलीवर चढली नाही... तेल चुरचुरलं की तो उठून बाहेर जाई.

तेरवीला मी मावशीच्या घरी काप तळायला बसले. मावशीशिवाय ती चूल बघवत नव्हती. पहिला काप विस्तवात टाकला. हरीकाका लंगडत आला, हातात दगड.

"झारा वाकला हाये पोरी. आन, सरळ करून देतो."

"राहू द्या, काका. तुमच्याच जबड्यावर वाकला हाये तो."

तो गाल झाकून खाली बसला. उरलेले काप मी त्याच झाऱ्याने काढले.